म्हशीची लाथ

आक्कांच्या कबड्डी मंडळातली तीन पोरं यंदाच्या लिलावात एका मोठ्या संघानं उचलली. दोघांनी मोसमभर बाक झिजवला. तिसऱ्यानं, आक्कांच्याच घरी वाढलेल्या भाच्यानं, आज फायनलमध्ये चौदा गुण मारले.

"बघा, म्हशीगत लाथ हाणतोय!" आक्का टीव्हीपुढं जमलेल्या शेजारणींना सांगत होत्या. नजर पुढं ठेवून मागं लाथ कशी घालायची, हे त्यांनीच त्याला गोठ्यात म्हशीमागं उभं करून शिकवलं होतं.

सामना संपल्यावर कुणीतरी भाच्यापुढं माईक धरला. "ही लाथ कुणी शिकवली?"

"कुणीच नाही. लहानपणापासून घरी टीव्ही बघून शिकलो."

आक्कांनी टीव्ही बंद केला.

"घरात टीव्ही होता कुठं रं, मुडद्या?" आक्का काळ्या पडद्याला म्हणाल्या. "ह्यो तर तुझा खेळ बघायला आणलाय."