वाजवून दिलेले फोन

“आईला दिलेला फोन वाजतो ना रे नीट?”

बायकोचा तो आवाज सहा वर्षांनंतरही त्याच्या कानात तसाच होता, नुकत्याच न्हालेल्या केसांसारखा ओला. मांडीवर महिन्याची चिमणी, एका हातात फणी. “वाजतो की!” म्हणत तो चपला घालून कामावर पळाला होता.

त्या दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. कारखान्यात फोन फाटकावरच जमा करावे लागत. म्हणून तिने दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आईला फोन लावला, लावत राहिली. संध्याकाळी तो परतला तेव्हा घरातून एकट्या चिमणीचं रडणं ऐकू येत होतं.

“घंटी वाजलीच नाही हो,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “तुमचं ते कुणीतरी वापरून टाकलेलं खोकं!”

खोकंच होतं ते. पदपथावरून स्वस्तात घेतलेलं. लेकीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सासूबाईंनी अबोला धरला होता. त्याच्या हातून त्यांनी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे तो फोन.

तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशी लोकांचे जुने फोन गोळा करायचा, दुरुस्त करायचा आणि नव्याने आईबाप झालेल्या गरजूंना फुकट द्यायचा. चिमणी आजीकडे वाढत होती. आपल्या हाताला यश नाही, असं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

आज समोर एक जोडपं होतं. पोरगी विशीची, कुशीत इवलंसं बाळ.

“द्या की आता, दादा,” तिचा नवरा म्हणाला. “किती पुसाल? झिजेल तो!”

“वाजवून देतो.”

सुट्टीच्या दिवशी सासूबाई त्याच्या घरी येत. त्याची पद्धत ठरलेली. फोन आतल्या खोलीत सासूबाईंच्या हाती द्यायचा, दार लोटायचं आणि बाहेरून त्याचा नंबर लावायचा. त्यांनी उचलून “ऐकू येतंय” म्हटलं की मगच तो द्यायचा.

दाराआड घंटी वाजली. वाजत राहिली.

“आजींचा डोळा लागला वाटतं,” पोरगी हसली.

“त्यांना पूर्ण वाजू द्यायची सवय आहे.”

अखेर आवाज आला, “ऐकू येतंय.”

फोन छातीशी धरून पोरगी गेली. जाताना बाळाचा इवला हात धरून तिने त्याला टाटा केला. तो तिथेच उभा राहिला, मग धीर करून आत गेला.

“आई, एक बोलायचं होतं.”

“बोला की, जावईबापू. तोंडाला कुलूप आहे का?”

“नवी खोली घेतलीय मी. चांगली उजेडाची. चिमणीपुरता छोटा पलंगही आणलाय. आता तिला माझ्याकडे...”

सासूबाईंनी पिशवीतून कागद काढून मांडीवर सरळ केले.

“मी लेकाकडे चाललेय. परदेशी, कायमची. तिला नेणार आहे. ताबा सोडल्याची तुमची सही हवी.”

“आई, माझं दुसरं कोण आहे?”

“माझ्या लेकीचं तरी कोण होतं त्या दिवशी?” त्या शांतपणे म्हणाल्या. “पोर आता विचारते, आई कशाने गेली. काय सांगू? तुम्हीच सांगा येऊन.”

त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवले.

“अजून त्याच कारखान्यात आहात. उद्या तिला ताप भरला, तर तुम्ही फाटकाच्या आत. कुणाला हाक मारायची तिने?”

त्याने पेन घेतलं. पहिल्या कागदावर सही वाकडी आली, दुसऱ्यावर थोडी सरळ. तिसऱ्यावर सही अगदी सुरेख आली.

सासूबाईंनी एकेक सही डोळ्यांजवळ धरून पाहिली. कागद पिशवीत गेले, चेन ओढली गेली.

“तिला पत्र लिहीन मी,” तो म्हणाला.

“लिहा.”

“आणि आई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. सहा वर्षांत एकदाही तुम्ही मला तोंडावर खुनी म्हणाला नाहीत. दुसऱ्या कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं.”

त्या चपला घालत होत्या. थांबल्या. वळून त्याच्याकडे बघितलं, निवांत, सगळी कामं उरकलेल्या बाईसारखं.

“तेव्हाचा तो फोन तुम्ही फेकून दिलात,” तो डोळे पुसत म्हणाला. “नाहीतर एकदा उघडून बघितला असता. घंटीत नेमका काय बिघाड होता, एवढंच कळायला हवं होतं मला.”

“बिघाड?” सासूबाई म्हणाल्या. “काही नव्हता. मांडीवरच होता माझ्या. अकरा वेळा वाजला.”