पंच्याऐंशीची लेन्स

"बाबा, खुर्ची पुन्हा पुढे घेतलीत!"

"मी कुठे? सरकली असेल आपोआप."

सरकली असेल म्हणे! चार पाय आहेत म्हणून खुर्ची काही चालायला लागत नाही. फरशीवर तिने खडूने चार खुणा केल्या होत्या, एकेका पायासाठी एकेक, आणि त्या चारही खुणा आता वीतभर मागे राहिल्या होत्या. तिने कॅमेरा टेबलावर ठेवला, खुर्ची बाबांसकट मागे ढकलली आणि पुन्हा सहा फुटांवर जाऊन उभी राहिली. सकाळपासून ही सातवी खेप.

दुकानदाराने दोन लेन्स वापरून बघायला दिल्या होत्या. संध्याकाळी सहाच्या आत एक परत करायची. पस्तीस मिलिमीटरची लेन्स छोटी. चेहरा घ्यायचा तर माणसाच्या अगदी तोंडापाशी जावं लागतं आणि नाक फुगून येतं. पंच्याऐंशीची लांबट, सहा फुटांवरून चेहरा असा घडीव उतरवते की माणूस स्वतःच्याच प्रेमात पडावा. यात निवडायचं काय, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण बाबांनी चाळीस वर्षं हा स्टुडिओ चालवला होता आणि अजूनही त्यांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय इथला साधा बल्ब बदलत नसे. तेवढं एक 'चालेल' काही केल्या बाहेर पडत नव्हतं.

"आता हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका."

तिने बाबांच्या डाव्या डोळ्यावर फोकस धरला. बटण दाबणार तोच बाबा पुढे झुकले, डोळे बारीक करून, तिच्या दिशेने मान लांब करून. फोटो वाया.

"बाबा! अहो, चाळीस वर्षं लोकांना 'हलू नका' म्हणून दटावलंत. तान्ही मुलंसुद्धा सोडली नाहीत."

"ती मुलं ऐकायची."

"आणि तुम्ही?"

"मी बघत होतो, तू काय करतेस ते."

तिने हात टेकले. निदान पाच-सहा फोटो तरी धड आले होते, तेच दाखवून सोक्षमोक्ष लावावा म्हणून ती कॅमेरा घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि त्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो दाखवत सुटली.

"हा बघा. पापणीचा केस न् केस मोजून घ्या."

बाबांनी कॅमेरा लांब धरला, जवळ धरला. "डाव्या गालावर उजेड कमी पडलाय."

"बरं. हा?"

"खांदा ताठ आलाय."

वर्षभर हेच चाललं होतं. गाल, खांदा, मान. एकदाही 'छान' नाही, की 'बरा आहे' नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने फोटो बदलायचं बटण चार-पाच वेळा खाडखाड दाबलं आणि कॅमेरा पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"आणि हा? यात काय खोट आहे, तेही सांगा."

बाबांनी बराच वेळ बघितलं.

"मान. मान जरा वर हवी होती."

तिने कॅमेरा हिसकावून घेतला. 'कुठली मान' म्हणून ओरडायला तोंड उघडलं आणि तिची नजर पडद्यावर गेली. फोटोत मान नव्हती. बाबाच नव्हते. बटण दाबता दाबता ती पार मागे, सकाळच्या पहिल्या फोटोपर्यंत गेली होती. बाबा यायच्या आधी, उजेडाचा अंदाज घ्यायला म्हणून काढलेला. त्यात खडूच्या चार खुणा होत्या आणि त्यांच्यावर रिकामी खुर्ची.

ती मागे सरली. पुन्हा सहा फुटांवर जाऊन उभी राहिली.

"बाबा, इथून मी कशी दिसते?"

"निळा शर्ट कळतो. वरचं अंदाजाने घेतो."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि वर्षभर मला गाल आणि खांदे ऐकवताय? डॉक्टरकडे जायचं सोडून?"

"जाऊन आलो. आहे ते टिकलं तरी खूप, म्हणाला."

"मला का नाही सांगितलंत?"

बाबा खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले. "सांगितलं असतं, तर फोटो दाखवायची थांबली असतीस."

तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. वर्षभर त्यांच्या नाकापुढे फोटो नाचवले. ते कुठे बघताहेत ते एकदाही बघितलं नाही.

तिने पंच्याऐंशीची लेन्स काढून खोक्यात घातली आणि खोकं बंद केलं. पस्तीसची बसवली. कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"यात नाक मोठं येतं हं," ती म्हणाली.

"मोठंच आहे ते. येऊ दे."

ती कॅमेरा डोळ्याला लावणार, तेवढ्यात बाबांचा हात पुढे आला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची हनुवटी वळवणारा, कॉलर नीट करणारा हात. या वेळी त्यांना पुढे झुकावं लागलं नाही. त्यांनी तिच्या कपाळावरची बट दोन बोटांत धरली आणि अगदी निरखून बघितली.

"अगं," ते म्हणाले, "ही पांढरी कधी झाली?"