पानाच्या तळाची ओळ

चाचणीपुरती आमच्या ऑफिसच्या वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी सर्व्हरकडची एक ओळ दिसे: पान कुठल्या टेबलावरून उघडलंय.

सगळ्यांना आपापला नंबर दिसे. साहेबांना मात्र सात.

सात म्हणजे आमचे जुने सहकारी आबा यांचं टेबल. ज्या चुकीपायी आबांची नोकरी गेली ती साहेबांची होती, पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आमच्याकडे जुनी सवय. आबा घरी बसले, महिन्याभरात वारले. साहेबांना केबिन मिळाली.

साहेब केबिनमधून प्रोग्रामर मुलीच्या टेबलाशी आले. "ती ओळ काढ."

"सकाळीच काढली, साहेब. मला तर दिसत नाही."

साहेबांनी तिच्याच मशीनवर पान उघडलं. सात.

तेवढ्यात रिकाम्या केबिनमधून शिपाई बाहेर आला, साहेबांकडे बघत म्हणाला, "आबा, साहेबांनी आत बोलावलंय."