सासूची साक्ष

सासू-सून एकाच घरी कामाला होत्या. सासू स्वयंपाक करायची, सून भांडी घासायची. एका सकाळी साहेबांनी सुनेला मागून मिठी मारली. तिने त्यांना ढकललं आणि थेट जिल्ह्याच्या महिला तक्रार समितीकडे गेली. चौकशीत समितीच्या बाईंनी सासूला विचारलं, "घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. तुम्ही तिथेच होतात ना?" हातचं काम जाईल या भीतीने ती म्हणाली, "मी भाजी परतत होते. काही दिसलं नाही." तक्रार बारगळली, सून माहेरी निघून गेली. पुढे भांड्यांना नवी मुलगी आली. साहेब स्वतः तिला स्वयंपाकघर दाखवायला आले. सासूने गॅस बंद केला, मुलीचा हात धरून समितीचं ऑफिस गाठलं. "मी सगळं पाहिलं होतं," ती म्हणाली. "मग सुनेला घेऊन या," बाई म्हणाल्या. "ती माझा फोनच उचलत नाही."