अर्ध्यावर सोडलेली खाण

लोखंडी सब्बल दगडाला न अडता सरळ आत गेली, तेव्हा भीमराजला आनंद व्हायला हवा होता. पण तो दचकला.

"अवं, इकडं ये जरा," तो विहिरीच्या खड्ड्यातून ओरडला. "इथं तर नुसती माती लागून राह्यली!"

त्याची बायको पंचफुला काठावर येऊन वाकली. झरी गावाच्या त्या टेकडीखाली सगळा चुनखडीचा खडक. शेजारच्या उकंडाचा बोअर त्याच खडकात कोरडा गेला होता. आणि इथं, खडकाच्या मधोमध, माणूस उतरेल एवढी गोल जागा माती आणि दगडाच्या चुऱ्यानं भरलेली होती. भीमराजनं थोडी घमेली उपसली. त्यांतून काचेसारख्या धारेचे काळपट दगड निघाले आणि टोकाशी झिजलेलं सांबराचं एक शिंग.

दर वर्षी संक्रांत झाली की भीमराज मिरची तोडायला तेलंगणात जायचा. रानात पाणी असतं तर हरभरा झाला असता, गहू झाला असता, नवरा घरी राहिला असता. यंदा पंचफुला अडूनच बसली. "तुम्ही कुठंच जाऊ नोका. आपण विहीर खोदू."

शिंगाची बातमी पांढरकवड्यापर्यंत गेली. तिथं जुन्या दगडी हत्यारांचा अभ्यास करायला आलेली समीक्षा दुसऱ्याच दिवशी हजर झाली. ती खड्ड्यात उतरली आणि हातानं भिंत चाचपली.

"काकू, ही खाण आहे. लोखंड कोणाला माहीत नव्हतं तेव्हाची. चकमकीच्या दगडासाठी माणसं इथं उतरायची, शिंगानं खडक उकरायची. त्याच दगडाच्या सुऱ्या, कुऱ्हाडी करायची." मग चाचरत म्हणाली, "विहिरीचं काम जरा थांबवाल? मी हळूहळू उपसते."

"मंग जागा आमची राह्यते का जाते?" पंचफुलानं विचारलं.

"खोटं कशाला बोलू? ते आत्ता नाही सांगता येणार."

समीक्षा गेल्यावर भीमराज म्हणाला, "बुजवून टाकू. दुसरीकडं खोदू."

पंचफुला शिंग हातात घेऊन बसली होती. धरायच्या जागी ते अंगठ्यानं झिजून खोलगट झालं होतं. तिचा अंगठा त्या खळग्यात नेमका बसला.

"नोका बुजवू," ती म्हणाली. "कोण्यातरी बाईचा हात असन हा. पाहू द्या त्या पोरीले."

काम सुरू झालं. समीक्षा खाली कुंच्यानं माती झाडायची, भीमराज दोरानं घमेली वर ओढायचा. जसजशी खोली वाढली, तसतशी समीक्षा एकेका वस्तूपाशी जास्त वेळ थांबू लागली. भिंतीत चकमकीचा हातभर जाड पट्टा तसाच शिल्लक होता. खाली शिंगं, दगडी हातोडे, जिथं पडले तिथं पडलेले.

"एवढा चांगला दगड हाती लागल्यावर कोणी सोडून जात नाही," ती म्हणाली. "हत्यारंही नेली नाहीत. एकाएकी पळालेत."

"जीव घेऊन पयाले असतीन," काठावरून उकंडा म्हणाला. "वहिनी, जागा वाईट हाये. मी सांगतो, बुजवा."

भूतबित मानायचं नाही, हे पंचफुलाला सासऱ्यानं बजावून सांगितलं होतं. ती मानतही नव्हती. पण त्या दुपारी चहा द्यायला गेली, तेव्हा तिनं खड्ड्यात डोकावलं नाही.

तळाशी पिवळ्या चिकणमातीचा थर लागला. ही माती टेकडीवरची नव्हती, खालच्या नाल्यातली होती. कोणीतरी ती मुद्दाम वाहून आणून तळाच्या खडकातल्या फटीत ठासली होती. दाबणाऱ्या बोटांच्या खुणा अजून तिच्यावर होत्या, एकावर एक, वाकड्यातिकड्या.

"घाईत बसवलीय," समीक्षा हळूच म्हणाली.

"काहून पण?" भीमराजनं वरून विचारलं.

"खालून काहीतरी वर येऊ नये म्हणून."

उकंडानं चपला पायात अडकवल्या आणि घरचा रस्ता धरला.

सकाळी पंचफुलानं पदर खोचला आणि शिडीला हात घातला.

"तू कायले उतरून राह्यली?" भीमराजनं तिचा दंड धरला. "थांब वरतीच."

"रान आपलं हाये. जे काय असन ते मी पाहीन."

ती उतरली. चपला वरच राहिल्या होत्या. समीक्षानं बोटांच्या खुणांचा तुकडा आधी अख्खा कापून बाजूला ठेवला. मग उरलेल्या मातीखाली खुरप्याचं पातं सरकवलं. माती चटकन सुटेना. समीक्षानं जोर लावला. आत कुठंतरी गुदमरल्यासारखा आवाज झाला आणि तिच्या हातातलं पातं निसटलं.

"काकू, मागं सरका!"

पंचफुला सरकली नाही. तिनं भिंत धरली आणि डोळे मिटून घेतले.

"काय हाये खाली?" वरून भीमराज ओरडला. "अवं, बोल ना! काय हाये?"

भर चैतात, पंचफुलाच्या पायांच्या बोटांमधून गार पाणी वर चढत होतं.