नवव्या स्थळावरचा सात

"तुम्ही उत्तर आधी ठरवता आणि आम्हाला मोजायला मागून बसवता," यंत्र सील करायला आलेल्या सरकारी निरीक्षकांना सुलभा घोडेस्वार म्हणाली.

आंबोलीच्या भुयारातलं चुंबकाचं कडं ती अकरा वर्षं सांभाळत होती. त्यात फिरणारा म्युऑन कण किती डगमगतो, ते मोजायचं. कायद्यानं आता प्रत्येक यंत्रावर 'सुधारक' नावाचं एक उपकरण बसवलेलं असे. आकडा सिद्धांताशी जुळला नाही, की सुधारक तो गुपचूप जुळवून टाकी. सुलभानं तो काढून ठेवला. तेव्हापासून दीड वर्षं, रोज, दशांशाच्या नवव्या स्थळी सिद्धांतातल्या चारऐवजी सात येत होता.

"नवव्या स्थळावर कोणाचं काय अडलंय, बाई?" निरीक्षक लाखेची कांडी तापवत म्हणाले. "कडं बिघडलंय. आज सील, उद्या भंगार. करा सही."

"ते समतल ठेवता ठेवता माझी कंबर गेली. बिघडलं असतं तर आधी मला कळलं असतं."

"तुम्ही त्याची आई झालात. आईला पोराचा दोष दिसतो होय?"

सुलभानं पेन घेतलं. कागदावर जगभरातल्या बाद यंत्रांची यादी होती. तिच्या ओळीच्या वरच चिलीतलं कडं होतं. शेरा: नादुरुस्त, भंगारात काढले. दोष: सुधारक काढल्यावर नवव्या स्थळी चारऐवजी सात.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, दोन देश, दोन कडी, बांधणारे हात वेगळे. मग दोन्ही एकाच आकड्यानं कशी बिघडली? तेवढं सांगा, मग सही मागा."