रंध्याचा कान

पात्यावर हातोडी मारली की ते रंध्याच्या लाकडात सरकतं. नीट बसलं की आवाज बदलतो. तो बदल मला दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. हे फक्त माझ्या बायकोला, सावाला, ठाऊक होतं. मी ठोकायचो, ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “बास, बहिरटराव! लाकूड तडकेल!” ती गप्प असली, म्हणजे अजून ठोकायचं. ती जाऊन उद्या एकोणपन्नास दिवस होतील; सुतक संपवणाऱ्या त्या दिवसाच्या विधीसाठी तिच्या नावाची हिनोकी लाकडाची पाटी रंधायला घेतली. स्वयंपाकघरात मेहुणी किओ मिसोचं सूप ढवळत होती. मी ठोकलं. आत शांतता. पुन्हा ठोकलं. शांतताच. सवयीने आणखी दोनदा ठोकलं आणि रंधा तळहाताखाली उभा चिरला. किओ धावत आली. “भावोजी, आवाज केव्हाच बदलला होता. पण तुम्हाला मी काय सांगणार? ताई तर म्हणायची, आमच्या यांच्यासारखा कान अख्ख्या गावात नाही.”